फाट्यावर कोणी नव्हतं

आंदर मावळात पाहुणा आपला आपण घरी येत नाही, त्याला आणावं लागतं. एसटी त्याला फाट्यावर सोडते आणि धूळ उडवत पुढे जाते. फाट्यापासून पठारवाडी पाऊण तासाची चाल. आधी ओढा, मग चढ, मग कारवीचं रान. वाट एकच आहे, चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. तरीही घरातलं कोणीतरी फाट्यावर जाऊन रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसतंच. बस तासभर उशिरा आली तर तासभर बसतं. पाहुणा उतरला की आधी त्याच्या हातातलं ओझं घ्यायचं आणि मग ख्यालीखुशाली विचारायची.

बारशाला येणारी आत्या असली, तर तिचा मान आणखी मोठा. बाळाच्या कानात नाव तीच सांगणार असते. तिला तिच्या भावानं स्वतः आणायचं, दारात तिच्या पायांवर तांब्याभर पाणी घालायचं. भाऊ येईपर्यंत तिनं घराकडे पाऊल टाकायचं नाही. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण पठारवाडीत ते कोणी मोडलंही नव्हतं.

अनितानं तर हा कठडा जन्मभर राखला. तिचं लग्न एकविसाव्या वर्षीच मोडल्यासारखं झालं. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ ओंकार सात वर्षांचा होता, आणि दिवसकार्याला म्हणून आलेली अनिता परत नांदायला गेलीच नाही. ती भावासाठी राहिली असं गाव म्हणायचं. सासरचे वेगळं काही म्हणायचे. ती स्वतः काहीच म्हणायची नाही. पुढे लोणावळ्यात एका चिक्कीच्या कारखान्यात तिला काम मिळालं. पहाटे फाट्यापर्यंत चालत, तिथून जीपनं कान्हे स्टेशनला, कान्ह्याहून गाडीनं लोणावळ्याला. गुळाचा पाक ओतायचा, लाटायचा, कडक व्हायच्या आत कापायचा. तिच्या उजव्या मनगटावर पाकाच्या थेंबांचे बारीक पांढरे डाग आहेत. ओंकार लहानपणी ते मोजायचा आणि दर वेळी वेगळा आकडा सांगायचा.

तो तळेगावला वसतिगृहात शिकायला गेला तेव्हा दर शनिवारी शेवटच्या एसटीनं यायचा. दर शनिवारी अनिता फाट्यावर असायची, एका हातात काठी, दुसऱ्या हातात बॅटरी. एकदा बस बंद पडून तीन तास उशिरा आली. कंडक्टरनं झोपलेल्या पोराला खांद्यावर घेऊन खाली उतरवलं आणि म्हणाला, "घ्या मावशी, तुमचं पार्सल." ती तेव्हा अवघी पंचवीस-सव्वीस वर्षांची होती आणि मावशी म्हटल्याचा तिला राग आला होता. पण पार्सल तिनं पाठीवर घेतलं आणि चढ चढली.

तो ओंकार इंजिनियर झाला, बंगळूरला गेला, तळेगावच्या अपूर्वाशी लग्न केलं. सव्वा महिन्यापूर्वी त्याला मुलगा झाला. बारसं बंगळूरलाच होतं.

"आक्का, नाव तूच ठेवायचं हां," तो फोनवर म्हणाला. "तू आत्या आहेस. आम्ही काही ठरवलेलं नाही."

"मी सांगीन ते चालंल व्हय तुमाला?"

"चालेल म्हणजे काय! तुझा मान आहे."

एवढं ऐकून ती पंधरा दिवस निराळ्याच तंद्रीत होती. पाक ढवळताना नाव मनात घोळवायची, गाडीत खिडकीशी बसून ओठ न हलवता म्हणून बघायची. शेवटी एक नाव तिला सापडलं. ते तिनं कोणालाही सांगितलं नाही, कारण बाळाच्या कानाआधी ते दुसऱ्या कानावर जायचं नसतं. कारखान्यातल्या बायकांनी खोदून खोदून विचारलं.

"अगं, निदान पहिलं अक्षर तरी सांग."

"न्हाई."

"आमी काय तुज्या भाच्याचं नाव पळवणार हाय का?"

"पळवाल. तुमी गिऱ्हाइकाच्या पुड्यातनं चिक्की पळवता, तुमचा काय भरवसा!"

विमानाचं तिकीट ओंकारनं पाठवलं. अपूर्वाची आई शुभदाबाई आणि मोठी बहीण अनघा आदल्या दिवशीच्या विमानानं जाणार होत्या. अनिताचं तिकीट मात्र बारशाच्या दिवशी सकाळचं होतं. "ते स्वस्तात मिळालं, आक्का," तो म्हणाला. मग विमानतळावरून घरी कसं यायचं ते त्यानं नीट समजावून सांगितलं. "टॅक्सी अजिबात करायची नाही. इथले टॅक्सीवाले नुसते लुटतात. बाहेर आलं की निळ्या बस उभ्या असतात. त्या बसनं हेब्बाळला उतरायचं. तिथून रिंगरोडची साधी बस मिळते, पाचशेनं सुरू होणारे नंबर. मारतहळ्ळीच्या पुलाअलीकडे उतरायचं. एकदम स्वस्तात काम होतं. मी सुरुवातीला असाच यायचो."

तिनं ते सगळं चिक्कीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं आणि पुठ्ठा ब्लाउजात ठेवला. आपला भाऊ आपल्याला रस्ता सांगतोय याचंच तिला कौतुक वाटलं.

निघताना तिच्याकडे एक मोठी पिशवी आणि एक गाठोडं होतं. पिशवीत दहा किलो नवा इंद्रायणी तांदूळ, डिंकाचे लाडू, बाळासाठी कुंची आणि अंगडं. गाठोड्यात आईच्या दोन लुगड्यांची शिवलेली गोधडी. आदल्या दिवशी ती देहूरोडला मावसबहिणीकडे राहिली आणि पहाटेच मावसबहिणीच्या मुलानं तिला लोहगावला विमानतळावर सोडलं.

विमानाबद्दल तिला सांगण्यासारखं फार काही नाही. डोंगर वरून पाहिले तर फार लहान दिसतात, एवढंच ती नंतर म्हणाली. बंगळूरला सव्वाआठला उतरली. सरकत्या पट्ट्यावरून तांदळाची पिशवी यायला अर्धा तास गेला. बाहेर आली तेव्हा ऊन कोवळं होतं आणि झाडंसुद्धा मापानं लावल्यासारखी एका रांगेत उभी होती. माणसं पाट्या धरून उभी होती. पाट्यांवर नावं होती. तिनं त्या सगळ्या पाट्या वाचल्या. एकही आपली नाही हे ठाऊक असूनही वाचल्या.

निळी बस मिळाली. आत थंडगार होतं. कंडक्टरला ती म्हणाली, "हेब्बाळ. आन् उतरायच्या टायमाला सांगा हां दादा." आपल्याकडे एवढं सांगितलं की माणूस निर्धास्त होतो. मावळातला कंडक्टर कोणाच्या घरात किती माणसं आहेत ते सांगेल. इथल्या कंडक्टरनं तिकीट हातात दिलं आणि पुढे गेला. सुदैवानं शेजारच्या मुलीनं पुठ्ठा पाहिला आणि हेब्बाळ आल्यावर तिला कोपरानं ढोसलं.

हेब्बाळला मात्र तिची तारांबळ उडाली. रस्त्यावर रस्ता, त्याच्यावर आणखी एक रस्ता. पाचशेची पहिली बस आली ती दारापर्यंत भरलेली, दुसरी थांबलीच नाही. तांदळाची पिशवी उचलून धावायचं म्हणजे गोधडी खाली ठेवावी लागे, आणि गोधडी रस्त्यावर ठेवायला तिचं मन घेईना. तिसऱ्या बसला एका बाईनं वरून हात दिला, दुसरीनं पिशवी ओढून घेतली, आणि सगळ्या मिळून कानडीत काहीतरी बोलून हसल्या. अनिताही हसली. ओझं उचलून देणाऱ्याचं हसणं कोणत्याही भाषेत चालतं.

बसमधल्या बायका कार्ड दाखवत होत्या आणि कंडक्टर त्यांना फुकट तिकीट देत होता. अनितानंही आपलं आधार कार्ड पुढे केलं. कंडक्टरनं ते उलटसुलट पाहिलं. "कर्नाटका नहीं. महाराष्ट्रा. पैसा देना."

"मग अर्दं घ्या की. आमच्याकडं बायकांना अर्दं तिकीट हाय."

"यहाँ फुल," कंडक्टर म्हणाला.

मघाची पिशवी ओढणारी बाई पुन्हा हसली. अनितानं पूर्ण तिकीट घेतलं. आपण या गावच्या नाही हे कागदावर लिहून मिळालं, असं तिला उगाच वाटलं.

तिनं ओंकारला फोन लावला. त्याच्या पाठीमागे माणसांचा आणि भांड्यांचा आवाज होता.

"बसलीस का, आक्का? कुठं आलीस?"

"हेब्बाळला बसले. मुहूर्त कितीचा हाय?"

"बारा-दहाचा. पोचशील."

"बरं. मी उतरले की फाट्यावर बसते. ये न्यायला."

"हो, हो. आक्का, गुरुजी आलेत, ठेवतो."

अकरा चाळीसला ती पुलाच्या अलीकडे उतरली.

हे नीट लक्षात ठेवलं पाहिजे, कारण पुढे ज्यानं त्यानं ते आपापल्या सोयीनं सांगितलं. ती वेळेत पोचली होती. मुहूर्ताला अर्धा तास होता. ओंकारची सोसायटी स्टॉपपासून दहा मिनिटांच्या अंतरावर होती. तिचे दोन उंच मनोरे स्टॉपवरूनच दिसत होते आणि नावही पुठ्ठ्यावर लिहिलेलं होतं. ती सहज चालत गेली असती. आयुष्यभर ती याच्या चौपट चालत होती, तेही चढाचं.

पण ती आत्या होती. बारशाला आली होती. तिनं स्टॉपच्या बाकावर गोधडी ठेवली, पायाशी पिशवी ठेवली, पदरानं तोंड पुसलं, अंबाडा नीट केला आणि भाऊ ज्या बाजूनं येईल त्या बाजूला तोंड करून बसली.

अकरा पन्नास. येईल, कपडे बदलत असेल. बारा. लिफ्टनं उतरायला वेळ लागतो म्हणतात. बारा-पाचला तिनं फोन केला, वाजून वाजून थांबला. बारा-सातला केला. बारा-दहाला केला. बाकाच्या टोकाला एक म्हातारी मोगऱ्याचे गजरे हातानं मोजून विकत होती. तिनं अनिताकडे पाहून हनुवटीनंच विचारलं, कोणाची वाट बघतेस? अनितानं हातानं उंची दाखवली, आधी गुडघ्याएवढी, मग डोक्याच्या वर. म्हातारीला कळलं. तिनं एक गजरा तोडून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

पाऊण वाजता अनिता उठली. मुहूर्त गेला होता. आता ती फक्त पाहुणी उरली होती.

सोसायटीच्या फाटकावर खाकी कपड्यातला पहारेकरी होता. त्यानं फ्लॅटचा नंबर विचारला, तिचं नाव ऐकलं आणि एकदम मराठीत म्हणाला, "तुमी म्हाराष्ट्रातल्या व्हय? मी निपाणीचा. दत्तोबा." तिच्या ओझ्याकडे पाहून त्याचा चेहरा बदलला. "एवढं घेऊन चालत आलासा? कोण न्हाई आलं व्हय न्यायला?"

"घरात काम हाय. बारसं हाय."

"तुमी कोण बाळाच्या?"

अनितानं गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं. दत्तोबानं फोनवर काहीतरी दाबलं. "आता वर त्यांच्या फोनवर जाईल, त्यांनी हो म्हटलं की आत सोडायचं," तो सांगत होता, तोच फोन टुंग वाजला. "झालं बघा. लगेच हो म्हटलं."

तिचे तीन फोन वाजून थांबले होते. फाटकाचा फोन मात्र एका क्षणात उचलला गेला होता.

"पाणी घेता का, ताई?" दत्तोबानं बाटली पुढे केली. ती दोन घोट प्यायली. उरलेलं पाणी तिनं तिथंच, फाटकाच्या आतल्या बाजूला, स्वतःच्या पायांवर ओतलं. दत्तोबा निपाणीचा होता. त्याला ते कळलं. तो तांदळाची पिशवी उचलून लिफ्टपर्यंत आला.

वर दार उघडंच होतं. पाळण्याला निळे-पांढरे फुगे लावले होते. अनघा पाळण्यापाशी वाकली होती, तिच्या पाठीवर बायका लुटुपुटीच्या बुक्क्या मारत होत्या आणि ओंकार समोर फोन धरून व्हिडिओ काढत होता. "अनघाताई, परत एकदा कानाशी वाका, मघाशी फोटोत भिंतीवरचं नाव दिसलं नाही," तो म्हणत होता. भिंतीवर सोनेरी अक्षरांत नाव चिकटवलं होतं. रेयांश. कापलेली, चिकटवायची अक्षरं. ती काही सकाळी केलेली नव्हती.

"अगं आक्का! आलीस?" ओंकारनं फोन खाली घेतला. "व्हिडिओ चालू होता ना, फोन उचलता येईना. आणि गुरुजींना पुढं दुसरीकडे जायचं होतं. म्हटलं, तू ट्रॅफिकमधे अडकलीस."

"मी फाट्यावर होते."

"हो, म्हणजे... अगं, समोर तर आहे! नुसतं चालत यायचं." मग त्याचा चेहरा उजळला, जणू बोलायला एक बरं काहीतरी सापडलं. "पण एक बघ, टॅक्सीला हजार-बाराशे गेले असते. तू कितीत आलीस? सांगितलं नव्हतं, स्वस्तात पोचशील?"

"व्हय," अनिता म्हणाली. "स्वस्तात पोचले."

शुभदाबाई पुढे आल्या. बाई मनानं चांगल्या होत्या. त्यांना बोलायला माणूस लागायचं, एवढंच. "अनिताताई, तुम्ही एकट्या बसनं आलात? धाडसी हो! आम्हाला तर काल जावईबापू स्वतः विमानतळावर न्यायला आले होते, मोठी गाडी घेऊन. मी म्हटलं, कशाला रजा टाकलीत? तर म्हणतात कसे, पाहुण्याला आणायला जायचंच, आमच्या मावळातली पद्धत आहे ती. इतकं बरं वाटलं ऐकून!"

खोलीत कोणाला काही खटकलं नाही. फक्त ओंकारनं मान खाली घालून फोनमधे काहीतरी पुसायला सुरुवात केली. पद्धत तो विसरला नव्हता. अनितानं वाटभर त्याच्यासाठी जी एक सबब जपून ठेवली होती, की शहरात राहून पोरगं विसरलं असेल, ती तिच्या हातातून तेवढ्यात गेली.

अपूर्वाला मात्र काहीतरी कळलं असावं. तिनं बाळ उचलून अनिताच्या हातात दिलं. "ताई, तुम्ही पण सांगा ना कानात. मान तुमचाच आहे."

"नाव दोनदा ठेवत न्हाईत गं," अनिता म्हणाली. "एकदा ठेवलं की ठेवलं."

तरी ती बाळावर वाकली. ओंकारनं सवयीनं फोन वर केला. बाळाच्या कानाला दुधाचा वास होता. ती थोडा वेळ तशीच राहिली आणि काही न बोलता सरळ झाली. व्हिडिओत ती काहीतरी सांगते आहे असं दिसतं. तिनं काही सांगितलं नाही. ते नाव अजूनही कोणाला ठाऊक नाही.

तिनं गोधडी दिली. "हाताची शिवलेली? किती युनिक!" असं म्हणत अनघानं ती सोफ्याच्या पाठीवर शोभेसाठी टाकली. तांदळाची पिशवी स्वयंपाकघरात दाराआड राहिली. दुसऱ्या दिवशी निघताना ओंकार म्हणाला, "जाताना गाडी करून देतो, आक्का."

"नगं. रस्ता ठाऊक झालाय."

तो दारापर्यंत आला. लिफ्टपर्यंत आला नाही, कारण त्याचा ऑफिसचा कॉल चालू होता. फाटकावर दत्तोबा नव्हता, त्याची पाळी बदलली होती.

पुढे मार्गशीर्षात ओंकारचा फोन आला. अनिता लोणावळ्याच्या फलाटावर परतीच्या गाडीसाठी उभी होती.

"आक्का, बाळाचं जावळ काढायला गावी येतोय. आम्ही तिघंच. शनिवारी पुण्याला विमानानं उतरतो. तिथून गाडीवाले पठारवाडीपर्यंत यायला फार सांगतात, आणि वर चढावर नेत नाहीत म्हणे. कसं यायचं गं?"

अनितानं पिशवी खांद्यावर सरकवली.

"टॅक्सी अजिबात करायची न्हाई," ती म्हणाली. "नुसती लुटत्यात. विमानतळाच्या भाईर बस मिळती, पुणे स्टेशनला उतरायचं. तितून लोणावळ्याची लोकल. कान्ह्याला उतरायचं. कान्ह्यावरनं जीप मिळती, भरल्याबिगर सुटत न्हाई, पर सुटती. फाट्यावर उतरायचं. लय स्वस्तात काम व्हतंय."

 तिकडे मागे बाळ कुरकुरत होतं.

"आणि... फाट्यावर?" ओंकारनं विचारलं. "सामान असेल, आक्का. बाळ असेल."

गाडी फलाटाला लागत होती. अनितानं कानावरचा फोन थोडा दूर धरला, मग पुन्हा जवळ घेतला.

"फाट्यापासनं वाट सरळ हाय," ती म्हणाली. "तुला ठाऊक हाय. चुकण्यासारकी न्हाई."

त्या शनिवारी कारखान्यात सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. तिनं मागितली नाही.